आमच्या घरातली शिवी

परवा वनाजहून मेट्रोत बसले. डेक्कनला थोडं काम होतं. दुपारची वेळ, डब्यात गर्दी बेताची. समोर कॉलेजातल्या दोन मुली बसल्या होत्या. चांगल्या घरच्या, नीटनेटक्या, कुणालाही सून म्हणून आवडाव्यात अशा. त्यांतली एक मैत्रिणीला काहीतरी हकिगत सांगत होती आणि दर वाक्याला इंग्रजीतला तो 'एफ'वाला शब्द येत होता. चौतीस वर्षं शाळेत काढल्यामुळे माझी मोजायची सवय जात नाही. आयडियल कॉलनी ते नळ स्टॉप एवढ्या अंतरात अकरा वेळा झाला. डब्यात कुणाचीही मान हलली नाही.

मग दाराशी उभा असलेला एक माणूस, पायाशी रंगाचा डबा आणि ब्रश, फोनवर कुणावर तरी भडकला आणि त्याने आईवरून एक अस्सल मराठी शिवी हासडली. एकच. अख्खा डबा वळला. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, बायकामाणसं बसलीत इथे!" तो बिचारा ओशाळून गप्प झाला. आणि गंमत म्हणजे त्या दोन मुलींनीही नाक मुरडलं!

वळून पाहणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करते. खरं तर मला तो हक्क आता उरलेला नाही. का, ते पुढे सांगते.

माझं माहेर सदाशिव पेठेतलं. आमच्या घरात शिवी नव्हतीच. वडील फार चिडले तर 'गाढवा' म्हणत, आणि त्याहून चिडले तर 'अहो शहाणे' म्हणत. (दुसऱ्याचीच भीती जास्त वाटे.) खरी शिवी कानावर पडायची ती रस्त्यावरून, टांगेवाला घोड्याला द्यायचा ती. आई लगेच उठून खिडकी लावून घेई. त्यामुळे शिवी म्हणजे बाहेरची, धुळीसारखी आत येणारी वस्तू, अशीच माझी समजूत झाली.

त्याच घरात माझी आत्या राहायची. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. आजीच्या तोंडून तिच्याबद्दल कधी वेडावाकडा शब्द निघाला नाही. फक्त घरातलं कुणी परीक्षेला किंवा मुलगी बघायला निघालं की आजी हळूच विचारायची, "ती समोर नाही ना आली?" एकदाच मी तिला 'पांढऱ्या पायाची' म्हणताना ऐकलं. भाजी निवडता निवडता, आवाज जराही न चढवता. आत्या स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. खिडकी मात्र त्या वेळी कुणी लावली नाही.

पुढे मराठी घेऊन बी.ए. केलं. तिथे तुकाराम अभ्यासाला होते. गाथेत असे कितीतरी शब्द आहेत की जे वर्गात मोठ्याने वाचता येत नाहीत. दांभिकाला झोडपताना तुकोबा हातचं काही राखत नाहीत. आमचे सर असा अभंग आला की चष्मा पुसत म्हणायचे, "हा तुम्ही घरी वाचा." आम्ही मुली तो घरी आधी वाचायचो हे सांगायला नकोच!

आणि आपण पुणेकर म्हणजे शिव्या न देणारे, हेही तितकंसं खरं नाही. 'च्यायला' काय आहे? 'आयला' काय आहे? शुद्ध व्याकरणाने बघायचं तर ही क्रियापद गाळलेली वाक्यं आहेत. 'तुझ्या आईला' इथपर्यंत कर्म आलं, पुढचं क्रियापद ज्याने त्याने मनात म्हणायचं. तीन पिढ्या क्रियापद गाळून गाळून ते इतकं गुळगुळीत झालं की आता कीर्तनाला निघालेला माणूससुद्धा बस चुकली की 'च्यायला' म्हणतो. आमचा नातू नववीत आहे. तो मोबाईलवर खेळताना 'बीसी, बीसी' करत असतो. मी एकदा त्याला म्हटलं, "याचा विस्तार करून लिहून दे मला पाटीवर." कानापर्यंत लाल झाला. म्हणजे अर्थ माहीत असतो, फक्त आद्याक्षरं केली की चालतं.

आता एक जुनी गोष्ट सांगते. कधी कुणाला सांगितलेली नाही.

१९८४-८५ चा सुमार असेल. मी सहावीला मराठी शिकवत होते. कोथरूड तेव्हा आजच्यासारखं भरलेलं नव्हतं. एका बाजूला नव्या सोसायट्या उठत होत्या आणि दुसऱ्या बाजूला टेकडीलगतच्या वस्त्या. दोन्हीकडची मुलं एकाच वर्गात यायची. एक दिवस मधली सुट्टी संपवून वर्गात शिरते तो एका वस्तीतल्या मुलाने सोसायटीतल्या एका मुलाला आईवरून शिवी दिली. स्वच्छ ऐकू आली मला. मी पुढे झाले आणि त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. वर म्हणाले, "तुमच्याकडे चालत असेल हे. इथे चालणार नाही."

तो रडला नाही. नुसता बघत राहिला.

संध्याकाळी वर्गातल्या एका मुलीने सांगितलं की आधी तो दुसरा मुलगा त्याला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुझी आई आमच्याकडे भांडी घासते. आमचं उष्टं घरी घेऊन जाते." या वाक्यात एकही वाईट शब्द नाही. शुद्धलेखनाला घालता येईल असं वाक्य आहे. आईवरून पहिला बोलला तो तो मुलगा, आणि मारलं मी दुसऱ्याला. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलायचं मी ठरवलं होतं. तपासायच्या वह्या होत्या, बोलायचं राहिलं. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. मुलं अशी गळायचीच त्या काळात, कुणी फार चौकशी करत नसे. मीही केली नाही.

मागे नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाची बातमी वाचली तेव्हा हे सगळं वर आलं. २०२४च्या नोव्हेंबरात तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. सरपंच शरद आरगडे यांनी तो मांडला होता. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यात हे व्हावं, याचं मला फार बरं वाटलं. त्यांचा मुद्दा सरळ आहे. भांडण दोन पुरुषांचं, आणि त्यात ओढली जाते घरी बसलेली आई, नाहीतर सासरी गेलेली बहीण. तिचा काय संबंध? शंभर टक्के बरोबर. मी त्या ग्रामसभेत असते तर दोन्ही हात वर केले असते.

फक्त मनात आलं, 'पांढऱ्या पायाची'ला किती दंड? 'आमचं उष्टं घरी घेऊन जाते'ला किती?

आपल्या महाराष्ट्रात याच्या अगदी उलटा प्रकारही आहे बरं का. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत, एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. पूर्वी मला हे ऐकूनच कसंसं व्हायचं. आता वाटतं, वर्षातले ३६४ दिवस जिला 'हळू बोल, लोक काय म्हणतील' ऐकावं लागतं तिने एक दिवस ओढ्याकाठी उभं राहून घसा मोकळा केला तर कुणाचं काय गेलं? माझ्या आत्याला असा एक ओढा मिळायला हवा होता.

आता घरचं सांगते. नातलगांपैकी बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे. माहीत नाही असं दाखवण्याचा सभ्यपणाही त्यांनी केला आहे. आज पूर्णच सांगून टाकते.

आमचे हे मूळचे मालवणजवळच्या एका खेड्यातले. अकराव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्यात काकांकडे आले. शाळेत 'माका', 'तुका' म्हणाले की वर्ग हसायचा. हे त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही. वर्षभरात त्यांनी सगळं मालवणी पुसून काढलं. आमचं लग्न ठरलं १९७५ साली, तेव्हा ह्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. बँकेत नोकरी, बोलणं मोजकं. 'च्यायला'सुद्धा नाही. गावाहून कुणी आलं आणि मालवणीत बोलू लागलं तरी हे उत्तर प्रमाण मराठीत देत. मला त्याचं कौतुक वाटे. मराठीची बाई ना मी!

एकदा इथे यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात 'वस्त्रहरण' बघायला गेलो. गवाणकरांचं नाटक आणि मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच. मालवणी शिव्यांची नुसती बरसात. सगळं कोथरूड डोळे पुसत हसत होतं. घरी जी शिवी आली तर आम्ही दार लावून घेतो तिच्यासाठी तिकीट काढून बसलो होतो सगळे. हे मात्र हसत नव्हते. खुर्चीचा हात धरून ताठ बसले होते. मध्यंतरात मी विचारलं, "आवडत नाहीये का?" तर म्हणाले, "नाही, छान आहे." मला वाटलं, शिव्या सहन होत नाहीत ह्यांना. आता वाटतं, भीती वाटत असेल, आपल्या तोंडून काही निघून जाईल याची.

२०२१च्या दिवाळीनंतर ह्यांना मेंदूचा झटका आला. डाव्या बाजूला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं पूर्ण गेलं. समजत सगळं होतं. पेपर समोर धरला की वाचत. पण तोंडून शब्द फुटेना. नऊ दिवस काहीही नाही. दहाव्या दिवशी नर्स सुई टोचत होती, तेव्हा हे एकदम स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "आवशीचो घो!"

नर्स केरळची होती, तिला आनंद झाला. पेशंट बोलला! मुलगा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

तेव्हापासून हे एवढंच बोलतात. पाणी हवंय, आवशीचो घो. पंखा बंद कर, आवशीचो घो. विराट कोहली आउट झाला... तेव्हा तर फारच.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. याला अफेजिया म्हणतात. आपण विचार करून जे वाक्य जुळवतो ते बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या भागात जुळतं. पण शिव्या, आकडे मोजणं, लहानपणी पाठ केलेली स्तोत्रं, हे आपण जुळवत नाही, ते आपोआप येतं, आणि त्याची साठवण वेगळी असते. डावी बाजू बिघडली तरी ते उरू शकतं. नंतर मी थोडं वाचलं. ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६१ साली वाचेचं केंद्र दाखवून दिलं, तो ज्या रोग्यावरून, त्याला 'तां' एवढंच बोलता येई आणि संताप आला की एक फ्रेंच शिवी. बोदलेरसारखा शब्दांचा राजा, १८६६ मध्ये झटका आल्यावर त्याच्यापाशी एक अर्धी तुटकी शिवी उरली. त्याची शुश्रूषा करणाऱ्या नन्सना ती ऐकवेना म्हणतात. मला त्या नन्सचं मन अगदी कळलं.

कारण मीही तेच केलं. सोसायटीतले लोक भेटायला यायचे. "काय म्हणताय? आता बरं वाटतंय ना?" हे हसून मान डोलवायचे आणि म्हणायचे, "आवशीचो घो!" एक बाई तर उठूनच गेल्या. मग मी सांगू लागले, झोपलेत, नंतर या. बेल वाजली की आधी आतल्या खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि मग बाहेरचं उघडायचं. माझ्या आईने खिडकी लावावी तसं. सात-आठ महिने मी हे केलं. आत ह्यांना सगळं ऐकू येत होतं, समजत होतं. बोलता तेवढं येत नव्हतं.

(सौंदाळ्याचा दंड आमच्या घरी लावला असता तर? दिवसाला पन्नासदा धरा. पंचवीस हजार रुपये रोज. पेन्शन पुरली नसती.)

मग एक दिवस न कळवता गावाहून पुतण्या आला. दार ओढायला वेळच मिळाला नाही. तो चपला काढून थेट आत गेला, पलंगावर बसला आणि म्हणाला, "काय काकानू, बरा आसा मां?" ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "आवशीचो घो," म्हणाले, पण हळू. पुतण्याने ह्यांचा चांगला हात हातात घेतला आणि तोही म्हणाला, "आवशीचो घो!" मग गावच्या गोष्टी सुरू झाल्या. विहीर, कुणाचा फणस, कुणाची कोर्टातली केस. तो सांगायचा आणि हे दर खेपेला तेच म्हणायचे, पण दर खेपेला वेगळं. एकदा 'खरंच?', एकदा 'मेला तो बिचारा?', एकदा 'बरी जिरली'. तासभर दोघं बोलले. हो, बोललेच. हे हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं. आठ महिन्यांत मी ते हसू पाहिलं नव्हतं.

चहा देताना मी पुतण्याला म्हटलं, "अरे, लाज वाटते रे लोकांसमोर." त्याला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मग म्हणाला, "काकी, आमच्याकडे आजी नातवाला मांडीवर घेऊनसुद्धा हेच म्हणते." आणि खरंच, अर्थ तरी काय आहे? आवस म्हणजे आई. घो म्हणजे नवरा. कोकणीतही घोव म्हणजे नवराच. तुझ्या आईचा नवरा, म्हणजे तुझा बाप! झालं. २०१० मध्ये महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आईचा घो' आला तेव्हा नावावरून केवढा गदारोळ झाला होता. हा अर्थ तेव्हाही पेपरात छापून आला होता आणि मी तो वाचला होता. वाचूनही 'नाव जरा बरं ठेवता आलं नसतं का' असं म्हणाले होते. हे शेजारीच पेपर वाचत होते. काही बोलले नाहीत.

आता आतलं दार उघडं असतं. आलेल्या माणसाला मी दारातच सांगते की ह्यांना एवढंच बोलता येतं. चालत असेल तर बसा. बहुतेक जण बसतात. नातू तर त्यात इतका तरबेज झाला आहे की सूर ऐकून ओळखतो. स्पीच थेरपीवाली मुलगी येते, ती म्हणते, आजोबांचे सूर फार चांगले आहेत, त्यावरून पुढे जाऊ. 'चहा' म्हणायचा प्रयत्न चालू आहे. 'च' निघतो, पुढे गाडी आपल्या रुळावर जाते.

त्या सहावीतल्या मुलाचं आडनाव मला अजून आठवतं, नाव आठवत नाही. आता पन्नाशी ओलांडली असेल त्याने. मेट्रोतल्या त्या रंगाऱ्याचं वयही साधारण तेवढंच होतं. तो ओशाळून माझ्याकडे बघत होता आणि मी मान फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले.

आतून हाक आली. तीच. सूर चहाचा आहे. उठते.